कॅप्टन बदलला, आता यानावर कोण ठेवायचं?

प्रश्न असा आहे. लांब पल्ल्याच्या एका तारकायानावर बेतलेली कथामालिका आहे, यानावर १८० माणसं. पहिल्या भागाच्या शेवटी जुनी कॅप्टन यान सोडून जाते आणि दुसऱ्या भागात नवा कॅप्टन येतो. जुन्या क्रूपैकी किती जण ठेवावेत, कोणाला निरोप द्यावा आणि नव्या कॅप्टनने स्वतःची किती माणसं सोबत आणावीत? वाचकांचा जुन्या पात्रांवर जीव जडला आहे. पण सगळेच ठेवले तर कॅप्टन बदलून साधलं काय, अशी लेखकाला धास्ती आहे.

मी अशा मालिका लिहितो आणि त्याहून जास्त इतरांच्या संपादित करतो. हा पेच बहुतेक मालिकांत कधी ना कधी येतो आणि बहुतेक लेखक तो एकाच पद्धतीने सोडवायला जातात. कागदावर दोन रकाने आखायचे, डावीकडे ठेवायचे लोक आणि उजवीकडे काढायचे. डावीकडे आवडती पात्रं जातात, उजवीकडे लिहायला कंटाळा येणारी. मग उजवीकडच्या सगळ्यांना एका रात्रीत बदलीचे आदेश मिळतात आणि वाचकाला लेखकाचा हात दिसतो.

सुरुवात दुसरीकडून करावी, असं माझं मत आहे. खऱ्या जहाजावर कप्तान बदलतो तेव्हा बदलतो तो एकच माणूस. अमेरिकी नौदलात युद्धनौकेच्या कप्तानाची नेमणूक साधारण दीड-दोन वर्षांची असते. ती संपली की सगळे रांगेत उभे राहतात, दोघंही आपापले आदेश वाचून दाखवतात, येणारा म्हणतो की मी तुम्हाला कार्यमुक्त करतो, जाणारा म्हणतो की मी कार्यमुक्त झालो, आणि त्या क्षणापासून जहाजाची सगळी जबाबदारी नव्या माणसाच्या डोक्यावर. समारंभाला उभे असलेले बाकीचे लोक संध्याकाळी आपापल्या ड्यूटीवर परततात. त्यांच्या बदल्या होतात त्या त्यांच्या स्वतःच्या तारखांनी. कप्तानाच्या तारखेशी त्यांचा काही संबंध नसतो.

म्हणून आधी १८० पैकी १८० ठेवा. यातला जो जाईल त्याच्या जाण्याला कारण लागेल, आणि ते कारण तुम्हाला माहीत असलंच पाहिजे, कथेत सांगा किंवा सांगू नका. मुदत संपली, बढती मिळाली, जुन्या कॅप्टनने सोबत नेलं, नव्याने काढलं, घरी कोणी आजारी आहे, किंवा त्याला या यानाचा वीट आला आहे. एवढ्या कारणांत बहुतेक माणसं बसतात.

आता थोडा हिशेब करू. समजा तुमच्या यानावर नेमणूक तीन वर्षांची आहे. म्हणजे वर्षाला ६० माणसं बदलतात, महिन्याला पाच. पहिला आणि दुसरा भाग यांच्यात सहा महिने गेले असतील तर ३० चेहरे नवे आणि १५० जुने. दीड वर्ष गेलं असेल तर निम्मं यान नवं. तीन वर्षं गेली असतील तर मुदत वाढवून घेतलेले सोडले तर जुनं कोणी उरतच नाही. तेव्हा किती ठेवू या प्रश्नाचं निम्मं उत्तर दोन भागांमधल्या काळात आहे आणि तो काळ ठरवणं तुमच्या हातात आहे. ज्यांना बरेच जुने लोक हवे असतात तेच लेखक दोन भागांत पाच-पाच वर्षांची उडी मारतात आणि मग प्रत्येक जण अजून तिथेच का आहे याची सफाई देत बसतात.

तुमच्या यानाची नेमणूक वीस वर्षांची असेल, किंवा ते तळापासून इतकं दूर असेल की बदली शक्यच नाही, तर हा हिशेब लागू होत नाही. तिथे सगळे राहतात आणि नवा कॅप्टनही बहुधा त्यांच्यातलाच असतो. ती वेगळी कथा आहे.

सगळे राहणार हे एकदा मान्य केलं की खरा प्रश्न पुढे येतो. यातला कोण यानाचा आणि कोण कॅप्टनचा? जुन्या ब्रिटिश शाही नौदलात ही विभागणी कागदोपत्रीच होती. बोसन (दोर-शिडं पाहणारा), गनर (तोफा पाहणारा) आणि सुतार हे जहाजाला नेमलेले अधिकारी. कप्तान बदलो, लढाई संपून जहाज डोलकाठ्या उतरवून बंदरात वर्षानुवर्षं पडून राहो, ही माणसं जहाजासोबत राहत. उलट कप्तानाचा कॉक्सवेन (त्याच्या होडीचा सुकाणूवाला), त्याचा कारकून, त्याचा खानसामा आणि त्याच्या हाताखाली अधिकारी व्हायला आलेली पोरं ही त्याची माणसं. तो दुसऱ्या जहाजावर गेला की ती त्याच्या मागोमाग जात. अठराव्या शतकात कप्तानाला दर शंभर माणसांमागे चार नोकर ठेवायची मुभा होती आणि त्यातल्या कित्येक जागांवर प्रत्यक्षात भावी अधिकारीच भरती होत.

तुमच्या यानावर ही रेघ ओढून पाहा. मुख्य अभियंता यानाचा, हे जवळपास नेहमीच. भांडारपाल, हवा-पाण्याच्या यंत्रणेवरचे लोक, शेतीच्या कक्षातले, हे यानाचे. कॅप्टनची सचिव, तिने आग्रहाने मागून घेतलेला पायलट, तिची खास सल्लागार, हे तिचे. डॉक्टर कोणाचा हे तुमच्या कथेवर आहे. मी शक्यतो डॉक्टर यानाचा ठेवतो, कारण नव्या कॅप्टनची शारीरिक तपासणी करणारा माणूस त्याचा मित्र नसला की पहिल्याच भेटीत काहीतरी घडतं. आणि मग काही माणसं उरतात ज्यांना आपण कोणाचे आहोत हे ठाऊक नसतं. इतकी वर्षं आपण यानाचे आहोत असं समजणाऱ्या सेकंड ऑफिसरला कॅप्टन गेल्यावर लक्षात येतं की आपण तिच्यामुळे इथे होतो. किंवा उलट, तिची सावली म्हणून ओळखली जाणारी सचिव तिच्यासोबत जायला नकार देते. दुसऱ्या भागाची कथा मी अशा माणसांच्या हाती देईन. रेघेच्या अलीकडे-पलीकडे पक्के असलेले लोक पार्श्वभूमीला चांगले.

खऱ्या इतिहासात याचं माझं आवडतं उदाहरण बीगलचं आहे, डार्विन ज्यावर होता ते जहाज. डार्विनची सफर तिची दुसरी. पहिल्या सफरीत, १८२६ ते १८३० मध्ये, दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी किनाऱ्याचं सर्वेक्षण चालू होतं. थंडी, पाऊस, आजार आणि एकटेपणा यांनी खचलेले कप्तान प्रिंगल स्टोक्स यांनी ऑगस्ट १८२८ मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि काही दिवसांनी ते वारले. जहाज सांभाळलं लेफ्टनंट विल्यम स्कायरिंग यांनी, आणि मोहिमेचे प्रमुख फिलिप पार्कर किंग यांनी त्यांनाच हंगामी कप्तान नेमलं. हक्क त्यांचाच होता. पण रिओला पोचल्यावर तिथले वरिष्ठ ॲडमिरल रॉबर्ट ऑटवे यांनी आपल्याकडचे लेफ्टनंट रॉबर्ट फिट्झरॉय यांना कप्तान केलं. वय २३. स्कायरिंग यांच्यावर अन्याय झाला असं किंग यांनी पुढे लिहूनही ठेवलं. तरी स्कायरिंग मोहीम सोडून गेले नाहीत, सर्वेक्षणाच्या कामात राहिले. आज नकाशावर दक्षिण चिलीत ऑटवे आणि स्कायरिंग या नावांची दोन मोठी खारी जलाशयं शेजारी-शेजारी दिसतात, आणि त्यांना जोडणाऱ्या अरुंद वाटेचं नाव आहे फिट्झरॉय. कोणी कादंबरीत असं लिहिलं असतं तर मी संपादक म्हणून फार जुळवून आणलंय म्हणत खोडलं असतं.

पण तुमच्या कामाचं पुढे आहे. त्याच जहाजावर पहिल्या सफरीत जॉन लॉर्ट स्टोक्स नावाचा कोवळा पोरगा होता. मेलेल्या कप्तानाशी आडनाव सोडून त्याचं काही नातं नव्हतं. दुसऱ्या सफरीत तो नकाशे काढणारा साहाय्यक सर्वेक्षक झाला. जहाजाच्या मागच्या केबिनमध्ये त्याचं नकाशांचं टेबल होतं आणि त्या टेबलावर डार्विनची झोळी टांगलेली असे. तिसऱ्या सफरीत कप्तान होते जॉन विकहॅम, जे दुसऱ्या सफरीत फिट्झरॉय यांच्या हाताखाली लेफ्टनंट होते. १८४१ मध्ये विकहॅम आजारपणामुळे परतले तेव्हा कप्तान झाला तो जॉन लॉर्ट स्टोक्स. एकाच जहाजावर सुमारे अठरा वर्षं. बेंजामिन बायनो यांचंही तसंच. पहिल्या सफरीत साहाय्यक सर्जन. दुसऱ्या सफरीत मुख्य सर्जन रॉबर्ट मॅककॉर्मिक १८३२ मध्ये रिओला रागावून जहाज सोडून गेले तेव्हा त्यांच्या जागी काम पाहिलं. तिसऱ्या सफरीत रीतसर सर्जन.

इथे कोण टिकलं ते पाहा. एक नकाशे काढणारा, एक डॉक्टर आणि एक लेफ्टनंट जो पुढे कप्तान झाला. ज्यांना त्या किनाऱ्याची, त्या जहाजाची आणि त्या कामाची माहिती होती ते टिकले. नवा कप्तान हुशार असला तरी कुठल्या खाडीत नांगर धरतो आणि कुठे घसरतो हे त्याला त्यांनाच विचारावं लागतं. तुमच्या कथेत क्रूमधला कोण टिकणार हे ठरवताना हाच निकष लावा: नवा कॅप्टन पहिल्या संकटात कोणाला काय विचारेल? ज्याला विचारावंच लागेल तो राहिला पाहिजे, मग तो वाचकांचा लाडका असो वा नसो.

पडद्यावरचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण अर्थातच स्टार ट्रेक या तारकायानावरच्या टीव्ही मालिकेचं. १९६४-६५ चा पहिला नमुना भाग वाहिनीने नाकारला आणि दुसरा करायला सांगितलं. कॅप्टन पाइक जाऊन कॅप्टन कर्क आला आणि मुख्य पात्रांपैकी टिकला तो एकटा स्पॉक. म्हणजे निर्मात्यांनी जवळजवळ सगळं यान रिकामं केलं. तरीही ते चाललं, आणि का चाललं ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या नमुन्यात एक शांत, तर्कनिष्ठ फर्स्ट ऑफिसर होती, तिला फक्त नंबर वन म्हणत. ती गेली, पण तिचा थंडपणा आणि तर्क स्पॉककडे आला; त्या आधीचा स्पॉक चक्क हसताना दिसतो. पात्र गेलं तरी यानावरचं त्याचं काम कोणाच्या तरी अंगावर पडतंच. तुम्ही ज्याला काढाल त्याची फक्त खुर्ची भरू नका, वादात तो काय बोलायचा, कोणाला आवरायचा, ते आता कोण करतं ते ठरवा. बऱ्याचदा ते काम उरलेल्यांपैकी एखाद्यावर पडतं आणि त्याचा स्वभाव त्यामुळे बदलतो. हा बदल नव्या पात्रापेक्षा जास्त ताजा वाटतो.

पुढे १९६६ मध्ये त्याच मालिकेने जुन्या नमुन्याची दृश्यं वापरून दोन भागांची कथा केली. स्पॉकने पाइकच्या हाताखाली अकरा वर्षांहून जास्त काम केलं होतं, असं तिथे सांगितलं जातं, आणि त्या जुन्या कॅप्टनसाठी तो नव्या कॅप्टनचं यान पळवतो. नाकारलेला भाग वाया जाऊ नये म्हणून केलेली ही सोय, पण मागच्या कॅप्टनकडून आलेला माणूस म्हणजे काय हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच कोणी दाखवलं आहे. मजेची बाब अशी की पाइक आपल्या यानावर २०३ जीव असल्याचं म्हणतो आणि कर्कच्या काळात आकडा ४३० वर जातो. समजा पाइकचे सगळेच्या सगळे राहिले असते तरी कर्कच्या यानावर निम्म्याहून जास्त लोक नवे असते. चाहते यावर रात्र-रात्र वाद घालतात. मला त्यात फार रस नाही, पण यान मोठं करणं हाही नवे चेहरे आणायचा एक मार्ग आहे आणि त्यासाठी कोणाला काढावं लागत नाही.

फर्स्ट ऑफिसरचा मुद्दा वेगळा घ्यावा लागेल, कारण इथे सगळे एकाच खड्ड्यात पडतात. डावलला गेलेला फर्स्ट ऑफिसर, ज्याला वाटत होतं की यान आपल्याला मिळेल, तो नव्या कॅप्टनवर धुमसतो, आणि तेराव्या प्रकरणात दोघांची दिलजमाई होते. हे इतक्यांदा वाचलंय की मला तेराव्या प्रकरणापर्यंत जावंही लागत नाही. डावलला जाणं खोटं नाही, स्कायरिंग यांचं आपण पाहिलंच. पण ते धुमसले नाहीत, कामाला लागले, आणि धुमसण्यापेक्षा ते लिहायला अवघड आणि वाचायला चांगलं आहे.

पर्याय आहेत. अमेरिकी नौदलात अलीकडे बऱ्याच युद्धनौकांवर दुय्यम अधिकारीच त्याच जहाजाचा कप्तान होतो. म्हणजे कालपर्यंत हजेरी आणि साफसफाई पाहणारा, सगळ्यांवर डाफरणारा माणूस आज केबिनमध्ये बसतो. त्याचं काम काल नाही म्हणणं हे होतं, आज त्याला हो म्हणायचं आहे. नवा कॅप्टन बाहेरूनच आला पाहिजे असं कथेने ठरवलं नसेल तर हा मार्ग जरूर विचारात घ्या. सगळा क्रू राहतो आणि तरी यान ओळखू येत नाही.

दुसरा पर्याय जुन्या कॅप्टनलाच यानावर ठेवायचा. १९७९ च्या पहिल्या स्टार ट्रेक चित्रपटात कर्क यान परत ताब्यात घेतो आणि तोवरचा कॅप्टन डेकर पदाने उतरून त्याच्या हाताखाली राहतो. यानाची पुरती दुरुस्ती झाली आहे आणि ती डेकरला माहीत आहे, कर्कला नाही. एका संकटात कर्क फेझर, म्हणजे यानाचं किरणास्त्र, डागायला सांगतो आणि डेकर तो हुकूम रद्द करतो, कारण नव्या रचनेत फेझरची शक्ती मुख्य इंजिनांतून येते आणि त्या वेळी ती तुटलेली असते. कर्क चिडतो, पण डेकर बरोबर असतो. अधिकार एकाकडे आणि माहिती दुसऱ्याकडे, यातून तणाव कसा तयार होतो ते अभ्यासायचं असेल तर ते एक दृश्य पुरे. तुमची जुनी कॅप्टन यान सोडून जाते असं ठरलंच असेल तर हे लागू नाही, पण तिचा मुक्काम आठवडाभर वाढवून पाहायला काय हरकत आहे?

आता त्या धास्तीबद्दल. सगळे तेच राहिले तर बदललं काय? याचं उत्तर माणसांत शोधू नका, वेळापत्रकात शोधा. स्टार ट्रेकच्याच नेक्स्ट जनरेशन या पुढच्या मालिकेतली १९९२ ची दोन भागांची कथा घ्या. कॅप्टन पिकार्ड दोघांना घेऊन गुप्त मोहिमेवर जातो आणि कॅप्टन जेलिको यान घेतो. बाकी क्रू तोच. जेलिको आल्याआल्या तीन पाळ्यांच्या चार करायला सांगतो. बस, एवढंच. फर्स्ट ऑफिसर रायकर ते पुढे ढकलतो, विभागप्रमुख कुरकुरतात, आणि शेवटी रायकर पदावरून दूर होऊन त्याची जागा डेटा नावाच्या अधिकाऱ्याला मिळते. चार पाळ्या ही वाईट कल्पना नव्हतीच. कित्येक प्रेक्षक जेलिकोच्या बाजूने आहेत आणि मीही अर्धा आहे. पण कॅप्टन बदलला हे प्रेक्षकाला कळलं ते लोकांची झोपायची वेळ बदलली तेव्हा.

याच जातीचं एक हत्यार खऱ्या जहाजांवर तयार आहे आणि अंतराळकथांत ते फार कमी दिसतं. प्रत्येक कप्तान आपले स्थायी आदेश लिहितो, आणि रोज रात्री झोपायला जाण्याआधी रात्रीच्या आदेशांची वही भरतो. पाळीवर येणारा प्रत्येक अधिकारी ती वाचून खाली सही करतो. त्यात एक गोष्ट हमखास असते: मला कशासाठी उठवायचं. दुसरं जहाज किती जवळ आलं तर, हवा किती बिघडली तर, कोणता दिवा दिसला तर. आता विचार करा, तुमच्या जुन्या कॅप्टनला क्षुल्लक गोष्टीसाठीही उठवलेलं चालायचं, तिनेच तशी सवय लावली होती. नव्याने लिहून ठेवलं की अमुक तीन गोष्टी सोडून मला उठवू नका. रात्रपाळीची तरुण अधिकारी ती वही वाचते, सही करते, आणि तीन वाजता तिला पडद्यावर चौथी गोष्ट दिसते. माणसं तीच, यान तेच, आणि दुसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण तुमच्या हातात आलं.

जुन्या कॅप्टनचे स्थायी आदेश नवा कधी रद्द करतो, कोणता तसाच ठेवतो, कोणता तिने का दिला होता हे न कळल्याने चुकून रद्द करतो, यावर आणखी एक प्रकरण सहज होईल.

नव्या कॅप्टनने आणायची माणसं: एक. फार तर दोन. आजच्या नौदलांत कप्तान साधारणपणे एकटाच येतो, सोबत टोळी आणत नाही, आणि तुमचं दल आधुनिक शिस्तीचं असेल तर तेच शोभेल. आणलंच कोणाला, तर त्याची किंमत यानावरच्या कोणीतरी मोजली पाहिजे. १९९५ च्या व्हॉयेजर या आणखी एका स्टार ट्रेक मालिकेत दोन वेगळ्या क्रूंना एकाच यानावर राहावं लागतं, आणि मुख्य अभियंत्याचं पद बंडखोरांकडून आलेल्या टॉरेसला मिळतं. त्या पदाच्या रांगेत असलेला कॅरी तिच्या हाताखाली काम करत राहतो. त्याला नंतर मालिकेने फारसं वापरलं नाही, ही माझ्या मते वाया गेलेली संधी. तुम्ही कॅरी तयार केलात तर त्याला सोडून देऊ नका. रांगेतला माणूस, ज्याचं काही चुकलं नाही, तो रोज त्या खुर्चीशेजारी उभा असतो.

काही रचनांमध्ये कोणीच उरत नाही आणि तेही योग्य ठरतं. अमेरिकेच्या क्षेपणास्त्रवाहू अणुपाणबुड्यांना १९६० पासून दोन पूर्ण क्रू असतात, निळा आणि सोनेरी, प्रत्येकाचा कप्तान वेगळा. एक गस्त संपली की पाणबुडी एका क्रूकडून दुसऱ्याकडे जाते. बोट एकच, घरमालक दोन, आणि आधीच्या लोकांनी काय कुठे ठेवलं यावरून होणारी भांडणं कल्पना करण्यासारखी आहेत. दीर्घनिद्रेतून आळीपाळीने उठणाऱ्या क्रूंच्या कथेला हा साचा तयार आहे.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर तिसरीच पद्धत. तिथे नोव्हेंबर २००० पासून सतत माणसं आहेत. क्रू टप्प्याटप्प्याने बदलतो, जुने आणि नवे काही दिवस एकत्र राहून काम समजावून देतात, आणि कमांडरपद छोट्या समारंभात एकाकडून दुसऱ्याकडे जातं. कमांडर गेला तरी आधीच्या खेपेला आलेले काही जण अजून वर असतातच. आणि मुख्य म्हणजे जमिनीवरचं नियंत्रण केंद्र चोवीस तास कानाशी असतं. कुठला पंप कधी बिघडला याची आठवण तिथे आहे. तुमच्या तारकायानाला जमीन नाही. संदेश जाऊन यायला महिने लागत असतील तर यानाची सगळी आठवण यानावरच्या डोक्यांत आणि नोंदवह्यांत आहे, आणि नोंदवहीत कोणी खरं सगळं लिहीत नाही. अंतर जितकं जास्त, तितके जुने लोक जास्त लागतात. हा नियम मी कडकपणे पाळतो.

जुनी कॅप्टन का गेली यावरही बरंच आहे, पण ते लवकर उरकता येईल. बढती मिळून गेली तर एक-दोघं तिच्यासोबत जातील आणि उरलेले आनंदाने निरोप देतील. मेली तर जवळजवळ कोणी जात नाही, निदान लगेच तरी. शोकात असलेला माणूस बदलीचा अर्ज करत नाही, तो चार महिन्यांनी करतो. आणि तिला काढलं गेलं असेल तर मात्र जाणारे लोक ठळक असले पाहिजेत, कारण तिथे राहणं हीसुद्धा एक बाजू घेणं होतं. तुमच्या प्रश्नात ती नुसती सोडून जाते असं आहे. हे आधी पक्कं करा, पुढचं पुष्कळ त्यावर आहे.

तुमच्या १८० जणांसाठी मी काय केलं असतं ते सांगतो. दोन भागांमध्ये चार महिने ठेवले असते. वीस चेहरे आपसूक नवे, त्यातले अठरा नावाशिवाय. समजा तुमची ठळक पात्रं दहा आहेत, तर त्यातली आठ यानावर. एक जुन्या कॅप्टनसोबत जाते, आणि ती वाचकांची आवडती असली पाहिजे. नाहीतर निरोपाला वजन येत नाही. एक नव्या भागाच्या मध्यावर जाते, कॅप्टन बदलण्याशी वरकरणी संबंध नसताना. राहिलेल्या आठांपैकी एकाला जायचं होतं, त्याचा अर्ज अडकला आहे, आणि हे नव्या कॅप्टनला कागदपत्रांवरून कळतं. बाहेरून दोन ठळक नवी पात्रं: एक कॅप्टनने आणलेलं, आणि एक असं की जे जुन्या कॅप्टनच्या शेवटच्या दोन आठवड्यांत रुजू झालं. हे दुसरं पात्र मला फार उपयोगी पडतं. जुन्यांच्या लेखी ते नवं आणि नव्याच्या लेखी ते जुनं. दोन्ही बाजू त्याला आपलं समजून त्याच्याजवळ दुसऱ्याबद्दल बोलतात, आणि वाचकाला सगळं ऐकायला मिळतं.

जाणारे सगळे एकाच प्रकरणात जाऊ देऊ नका, येणारे एकाच यानफेरीने येऊ देऊ नका. बॅबिलॉन ५ या अंतराळस्थानकावरच्या टीव्ही मालिकेच्या निर्मात्याने प्रत्येक महत्त्वाच्या पात्राला कथेतून बाहेर पडण्याचा मार्ग आधीच आखून ठेवला होता, आणि पहिल्या पर्वानंतर तिथला मुख्य अधिकारी बदलला तेव्हा बाकीचं स्थानक कथेसकट उभं राहिलं. तुम्हीही पहिल्या भागाचा शेवट अजून छापला नसेल तर दोन-तीन जणांसाठी तिथे फट ठेवा. एखादा उल्लेख पुरतो. कोणाची तरी मुदत संपत आलीय, कोणी तरी दुसऱ्या यानाच्या जागेसाठी अर्ज केलाय.

शेवटी लिखाणातली एक बारीक बाब. दुसऱ्या भागात लोक जुन्या कॅप्टनबद्दल किती बोलतात यावर लक्ष ठेवा. हस्तलिखितांत मला नेहमी दिसतं की पहिल्या पन्नास पानांत प्रत्येक जण तिची आठवण काढतो आणि नंतर ती कोणाला आठवतच नाही. प्रत्यक्षात उलट होतं. नवा माणूस समोर असताना पहिल्या आठवड्यात जुन्याचं नाव काढायला लोक कचरतात. सवय झाली, नव्याशी थोडं जमलं, की मग सहज निघतं: तिने असं केलं नसतं, किंवा तिनेही हेच केलं असतं. तुमच्या क्रूमधला कोण हे वाक्य पहिल्यांदा नव्या कॅप्टनच्या तोंडावर म्हणतो ते ठरवा, आणि ते पुस्तकाच्या दुसऱ्या निम्म्यात ठेवा.